ऋत्विक घटक यांचे आठ चित्रपट दाखवायचे असतील तर

बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक यांनी पूर्ण केलेले कथापट आठच. त्यामुळे छोट्या फिल्म क्लबलाही त्यांचं सगळं काम एका मोसमात दाखवता येतं. असे महोत्सव होतातही, पण बरेचदा फसतात. घटकांचे चित्रपट अवघड असतात म्हणून फसतात असं समजू नका. चुकीचा क्रम, ताणलेलं चित्र, दबलेला आवाज आणि सुरुवातीला अर्धा तास चाललेलं त्यांच्या दारूचं पुराण या चार गोष्टींनी बहुतेक घात होतो. हे चारही टाळता येतं.

आधी तारखा जुळवून घ्या

घटकांचा जन्म ४ नोव्हेंबर १९२५ चा, ढाक्याचा. मृत्यू ६ फेब्रुवारी १९७६ ला, कोलकात्यात. वय जेमतेम पन्नास. पत्रक छापण्याआधी प्रत्येक चित्रपटापुढे दोन वर्षं लिहा, एक तो पूर्ण झाला ते आणि दुसरं तो प्रेक्षकांसमोर आला ते. हा कागद समोर ठेवला की त्यांची कारकीर्द कुठे तुटली ते लगेच दिसतं.

पहिला चित्रपट ‘नागरिक’ १९५२ मध्ये तयार झाला आणि १९७७ मध्ये, म्हणजे दिग्दर्शक गेल्यावर, लागला. ‘अजांत्रिक’ १९५८ चा. ‘बाडी थेके पालिये’ त्याच्या पाठोपाठ. ‘मेघे ढाका तारा’ १९६० चा, ‘कोमल गांधार’ १९६१ चा. ‘सुवर्णरेखा’ १९६२ मध्ये झाला, पण लागला १९६५ मध्ये. मग मोठी पोकळी. ‘तिताश एकटि नदीर नाम’ १९७३ मध्ये बांगलादेशात झाला. ‘जुक्ति तक्को आर गप्पो’ १९७४ मध्ये पूर्ण झाला आणि तोही १९७७ मध्येच लागला. पहिला आणि शेवटचा चित्रपट लोकांसमोर आले ते एकाच वर्षी, आणि ते पाहायला घटक नव्हते. पत्रकावर एवढं छापलं तरी पुरे, वेगळं चरित्र लागत नाही.

मधल्या पोकळीत काय झालं ते परिचयात जरूर सांगा, कारण ते महाराष्ट्रात घडलं आहे. साठच्या दशकाच्या मध्यात घटक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते आणि उपप्राचार्य होते. पुढे दिग्दर्शक झालेले मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. त्याआधी पन्नासच्या दशकात ते मुंबईत फिल्मिस्तानमध्ये पटकथाकार म्हणून नोकरीला होते. बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’ची कथा त्यांची. ‘मधुमती’ आणि ‘अजांत्रिक’ एकाच वर्षीचे. एक देशभर गाजला आणि दुसरा कोलकात्यात फारसा कुणी पाहिला नाही. मराठी प्रेक्षकाला घटकांपर्यंत न्यायला यापेक्षा जवळची वाट नाही.

क्रम

निर्मितीच्या क्रमाने दाखवायचा मोह होतो. तो टाळा. ‘नागरिक’ पहिल्या संध्याकाळी लावला तर तो नवख्या दिग्दर्शकाचा, रंगभूमीच्या सवयी न सुटलेला चित्रपट वाटतो आणि निम्मे लोक दुसऱ्या आठवड्याला येत नाहीत. हाच ‘नागरिक’ सहाव्या संध्याकाळी लावला की नंतरच्या चित्रपटांतलं बीज त्यात दिसू लागतं. घराच्या शोधातलं कुटुंब, नोकरीच्या आशेवर टांगलेला मुलगा, एकेक पायरी खाली घसरणारा मध्यमवर्ग, सगळं तिथे आहे.

आमचा क्रम असा. सुरुवात ‘अजांत्रिक’ने. हा सर्वांत आटोपशीर, पावणेदोन तासांच्या आसपास संपतो. फाळणीची पार्श्वभूमी ठाऊक नसली तरी काही अडत नाही आणि लोक हसतात. जुनाट शेवर्ले टॅक्सी आणि तिच्यावर जीव लावणारा ड्रायव्हर बिमल यांची ही गोष्ट आहे. घटक म्हणजे रडारड, अशी समजूत घेऊन आलेला माणूस इथे सैलावतो.

दुसरा ‘मेघे ढाका तारा’. त्यांच्या हयातीत तिकीटबारीवर बऱ्यापैकी चाललेला जवळजवळ हा एकच. तिसरा ‘कोमल गांधार’. दोन्हींत नायिका सुप्रिया चौधरी. आदल्या चित्रपटात झिजत गेलेली बाई इथे ताठ उभी दिसते, म्हणून हे दोन लागोपाठ हवेत. चौथा ‘सुवर्णरेखा’. फाळणीचे तीन चित्रपट इथे संपतात. पाचवा ‘बाडी थेके पालिये’, तो मात्र रविवारी सकाळी, मुलांसकट. गावातून पळून कोलकात्यात आलेल्या पोराची ही गोष्ट आहे. ‘सुवर्णरेखा’नंतर प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा लागते, ती इथे मिळते. सहावा ‘नागरिक’, सातवा ‘तिताश’.

‘जुक्ति तक्को आर गप्पो’ शेवटीच. यात तडजोड नको. त्यात घटक स्वतः नीलकंठ बागची नावाच्या दारूड्या बुद्धिजीवीची भूमिका करतात, आणि आधीचे सात पाहिलेल्यालाच कळतं की हा माणूस स्वतःचीही खैर करत नाही. सुरुवातीला लावला तर तो एका व्यसनी माणसाची कैफियत होऊन बसतो.

तीनच संध्याकाळी मिळाल्या तर ‘अजांत्रिक’, ‘मेघे ढाका तारा’, ‘सुवर्णरेखा’. एकच मिळाली तर ‘मेघे ढाका तारा’. एका दिवसात दोन लावायचे असतील तर मध्ये किमान दीड तासाची सुट्टी ठेवा, आणि ‘मेघे ढाका तारा’ व ‘सुवर्णरेखा’ एका दिवशी कधीच लावू नका. दुसऱ्याच्या शेवटापर्यंत प्रेक्षक बधिर होतो आणि त्याचा दोष चित्रपटाच्या माथी येतो.

प्रत आणि हक्क

खेळाच्या तारखेआधी किमान दहा आठवडे कामाला लागा. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे आणि आता ते एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, छत्राखाली येतं. पहिली चौकशी तिथे करा. पत्रात पाच गोष्टी स्पष्ट असू द्या: चित्रपट, तारीख, सभागृह आणि आसनसंख्या, तिकीट आहे की प्रवेश मोफत, आणि प्रत कोणत्या स्वरूपात हवी. ‘चांगली प्रत द्यावी’ असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं.

हक्कांबाबत एक गैरसमज पसरलेला आहे. भारतीय कायद्यात चित्रपटावरचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. त्या हिशेबाने ‘अजांत्रिक’ची मुदत २०१८ अखेर आणि ‘मेघे ढाका तारा’ची २०२० अखेर संपते. म्हणून हे चित्रपट कुणीही कसेही दाखवावेत, असं अनेक जण समजतात. पण लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. घटकांनी लिहिलेल्या मजकुरासाठी ही मुदत २०३६ अखेरपर्यंत जाते आणि मूळ कथा दुसऱ्याची असेल तर त्याचा हिशेब वेगळा. उपशीर्षकं हेही कुणाचं तरी लेखन असतं. शिवाय ‘नागरिक’ आणि ‘जुक्ति’ १९७७ मध्ये लागले, त्यामुळे त्यांची मुदत संपायला अजून बराच अवकाश आहे. मोफत खेळ असला तरी लेखी परवानगी घ्या. ‘तिताश’ची निर्मिती बांगलादेशातली, त्यामुळे त्याचा पत्रव्यवहार वेगळा आणि लांबणारा. तो सगळ्यांत आधी सुरू करा. त्याची प्रत मात्र उत्तम मिळू शकते, कारण २०१० मध्ये बोलोन्यात त्याचं पुनर्संचयन झालं आहे.

चित्रपटगृहात डीसीपी, म्हणजे तिथल्या प्रोजेक्टरसाठीची डिजिटल प्रत, चालवणार असाल तर तिला बहुधा कुलूप असतं आणि ते उघडणारी किल्ली ठरावीक तारखा-वेळांपुरतीच चालते. किल्ली मागताना आदल्या दिवशीची चाचणी आणि खेळानंतरचे दोन तासही त्यात धरायला सांगा. खेळ अर्धा तास उशिरा सुरू झाला आणि मुदत संपल्यामुळे प्रोजेक्टरने फाइल चालवायलाच नकार दिला, असं होऊ शकतं.

फाइल हातात आली की ती आरंभापासून अखेरपर्यंत एकदा पाहा. पहिली दहा मिनिटं पाहून हात झटकू नका. या चित्रपटांच्या वेगवेगळ्या लांबीच्या प्रती फिरतात आणि रिळं जोडताना एखादं दृश्य गळलेलं असू शकतं.

पडदा

आठही चित्रपट कृष्णधवल आणि जुन्या, जवळजवळ चौकोनी चौकटीतले आहेत. आजचा पडदा आणि प्रोजेक्टर १६:९ चा. १२ फूट रुंद पडद्यावर चित्र सव्वानऊ फुटांच्या आसपास रुंद दिसायला हवं आणि दोन्ही बाजूंना सव्वा ते दीड फूट काळी पट्टी राहायला हवी. ती पाहून कुणीतरी कार्यकर्ता रिमोट उचलतो आणि चित्र ‘फुल’ करतो. मग ‘मेघे ढाका तारा’ची नायिका नीता हिचा चेहरा रुंद होतो. ‘झूम’ केलं तर वरून-खालून मिळून चौथा हिस्सा कापला जातो. घटक कॅमेरा खाली ठेवून, रुंद कोनाची लेन्स लावून चेहरा चौकटीच्या अगदी कडेला ढकलतात. माथ्यावरचं आभाळ किंवा छत त्या रचनेचा भाग असतो. तो कापला की दृश्य समजतं, पण लागत नाही.

प्रोजेक्टरवर गुणोत्तर ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ ठेवा. फाइलमध्येच काळ्या पट्ट्या भरलेल्या असतील तर मात्र १६:९ ठेवा, नाहीतर चित्र दोनदा आक्रसतं आणि माणसं काटकुळी दिसतात. तपासायची सोपी युक्ती अशी: चाक, घड्याळ किंवा थाळी असलेली चौकट थांबवा आणि पडद्यावर फूटपट्टी लावून रुंदी-उंची मोजा. ‘अजांत्रिक’मध्ये गाडीची चाकं हाताशीच आहेत.

आता मेन्यूत जाऊन चार गोष्टी बंद करा: ओव्हरस्कॅन, मोशन स्मूदिंग, ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड आणि आपोआप उजेड कमी-जास्त करणारी सोय. रंगांची पातळी शून्यावर आणा. कृष्णधवल चित्रपटाला रंग लागत नाही आणि शून्यावर आणल्याने स्वस्त प्रोजेक्टरची हिरवट-निळसर झाक बरीच जाते. एवढ्या रुंदीच्या चित्राला २५०० ते ३००० ल्युमेन पुरतात, पण अंधार पक्का हवा. खिडकीच्या फटीतून येणारा उजेड काळ्या छटा खाऊन टाकतो आणि ‘सुवर्णरेखा’चा उत्तरार्ध करडा चिखल होतो. उन्हाळ्यात संध्याकाळचा खेळ साडेसातच्या आत ठेवू नका.

आवाज: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

घटक आवाजाला चित्राच्या मागे चालवत नाहीत. कित्येकदा चित्र एक सांगतं आणि आवाज त्याच्या विरोधात उभा राहतो. ‘मेघे ढाका तारा’मध्ये नीता प्रियकराच्या घरातून जिना उतरते तेव्हा चाबकाचे फटकारे ऐकू येतात. चाबूक पडद्यावर कुठेही नाही. तेच फटकारे पुढे भावाबरोबर म्हटलेल्या रवींद्रसंगीताच्या शेवटी पुन्हा येतात. आईच्या मनात मुलीच्या लग्नाची धास्ती उठते तेव्हा चुलीवर काहीतरी रटरटल्याचा आवाज तिच्या चेहऱ्यावर चढतो. ‘अजांत्रिक’मध्ये गाडीच्या रेडिएटरमध्ये पाणी ओतलं की ती घटाघटा पिते. ‘कोमल गांधार’मध्ये पद्मा नदीच्या काठी, जिथे पूर्वी पलीकडे जाण्याची वाट होती तिथे, कॅमेरा रुळांवरून धावत सुटतो आणि अडसराला धडकतो. पडदा काळा होतो आणि त्या धावेवर ‘दोहाई अली’ची नाविकांची हाक चढत जाते. ही दृश्यं लॅपटॉपच्या स्पीकरवर पाहिलेल्या माणसाने घटक पाहिलेले नसतात, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

मूळ ध्वनी एकाच वाहिनीचा आहे. मध्यभागी चांगला स्पीकर असेल तर आवाज तिथूनच काढा. नसेल तर पडद्याच्या दोन्ही बाजूंचे दोन स्पीकर सारख्या पातळीवर ठेवा. मागचे स्पीकर बंद. ‘सराउंड’, ‘हॉल’, ‘बास बूस्ट’ सगळं बंद. ‘नाइट मोड’ तर आठवणीने बंद करा, कारण तो मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज उचलतो. मग चाबूक आणि कुजबुज एकाच पातळीला येतात आणि दृश्याचा जीवच जातो.

दोन स्पीकरवर आवाज पोकळ, लांबून आल्यासारखा वाटत असेल तर एका स्पीकरची तार उलटी जोडलेली असण्याची शक्यता मोठी आहे. एकाच ध्वनीच्या दोन विरुद्ध लाटा एकमेकींना मारतात. एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा बदलून पाहा. आवाज भरून आला की बरोबर. फक्त डाव्या बाजूने आवाज येत असेल तर दोष फाइलमध्ये असतो. प्लेयरमध्ये ‘मोनो’ निवडा.

पातळी ठरवण्याची रीत: आधी दोन माणसं हळू बोलतात असं दृश्य लावा आणि शेवटच्या रांगेत बसून प्रत्येक शब्द ऐकू येईल इथवर आवाज वाढवा. मग त्याच पातळीवर चाबकाचं दृश्य लावा. स्पीकर फाटत असेल तर आवाज एक-दोन घर खाली आणा, त्याहून जास्त नाही. रिकाम्या सभागृहात ठरवलेली पातळी भरलेल्या सभागृहात थोडी कमी पडते, कारण माणसं आवाज शोषतात. पंखे चालू करूनच चाचणी घ्या. हा साधा मुद्दा नेहमी राहतो.

आता वेगाचा घोळ. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. पाल या जुन्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ नी धावतो. परिणामी १२५ मिनिटांचा चित्रपट १२० मिनिटांत संपतो आणि सूर वर चढतो. किती? सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराच्या सुमारे ७० टक्के. सामान्य संवादात हे जाणवत नाही. पण ‘मेघे ढाका तारा’मध्ये नीताचा भाऊ शंकर याच्या तोंडी ए. कानन यांचा हंसध्वनी आहे, देवव्रत विश्वास यांचा भरदार आवाज आहे. सूर चढला की हे आवाज पातळ आणि घाईचे होतात, आणि गाणं कळणाऱ्या श्रोत्याला काहीतरी खटकतं पण काय ते सांगता येत नाही. प्लेयरमध्ये वेग ०.९६ करा आणि ‘पिच करेक्शन’ बंद ठेवा. वेग आणि सूर दोन्ही जागेवर येतात. मात्र डीव्हीडी करणाऱ्याने सूर आधीच सुधारून घेतला असेल तर उलट करावं लागतं, म्हणजे वेग ०.९६ आणि ‘पिच करेक्शन’ चालू. दुसऱ्या कुठल्या प्रतीतला तोच सूर तानपुऱ्याच्या ॲपशी ताडून पाहिला की कोणता प्रकार आहे ते कळतं.

उपशीर्षकं

इंग्रजी उपशीर्षकं बहुधा मिळतात. पण मराठी करणार असाल तर कष्ट सत्कारणी लागतील. इंग्रजीतून मराठी करू नका. बंगाली जाणणारा माणूस शेजारी बसवा. तुमच्या शहरात दुर्गापूजा होत असेल तर असा माणूस शोधायला फार फिरावं लागणार नाही, आणि पूर्व बंगालच्या मुळाचा मिळाला तर फारच बरं. कारण या चित्रपटांत काही पात्रं पूर्व बंगालची बोली बोलतात, काही कोलकात्याची. इंग्रजीत दोघं एकसारखी होतात. मराठीत एकाला मालवणी आणि दुसऱ्याला पुणेरी देण्याचा आचरटपणा करू नका. निर्वासितांची भाषा किंचित घरगुती, तुटक ठेवली आणि शहरी पात्रांची प्रमाण ठेवली की पुरतं.

एका वेळी दोनच ओळी, प्रत्येकी ३५ ते ४० अक्षरांच्या आत, पडद्यावर किमान दीड सेकंद. फाइल एसआरटी, एन्कोडिंग यूटीएफ-८. दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये साठवली तर देवनागरीऐवजी चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतात. जोडाक्षरं सुटी पडत असतील तर प्लेयर बदला किंवा त्याचा फॉन्ट बदलून पाहा. ‘क्ष’, ‘र्‍य’, ‘द्ध’ असलेल्या तीन ओळी लिहून आधीच तपासा.

गाणी भाषांतराशिवाय सोडू नका. ‘सुवर्णरेखा’मध्ये सीतेच्या तोंडचं भाताच्या शेतातल्या ऊनसावलीचं रवींद्र-गीत नुसतं सजावटीला नाही, ‘नवं घर’ या चित्रपटभर पसरलेल्या आशेचाच तो सूर आहे. ‘कोमल गांधार’मधली लग्नाची लोकगीतंही तशीच. दुभंगलेल्या बंगालच्या गोष्टीत लग्नाचं गाणं का वाजतं, हे ओळी वाचल्याशिवाय कळणार नाही. उलट बहुरूपी हा शब्द तसाच ठेवा. ओस पडलेल्या धावपट्टीवर छोटी सीता कालीच्या वेषातल्या माणसाला पाहून दचकते. इंग्रजी उपशीर्षकांना त्याची फोड करावी लागते, आपल्याला लागत नाही.

उपशीर्षकं मागेपुढे होत असतील तर आधी निदान करा. सुरुवातीला आणि शेवटी सारखाच फरक असेल तर सरळ तेवढे सेकंद सरकवा. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी चार-पाच मिनिटांचा फरक असेल तर २४-२५ चाच घोळ आहे. सगळ्या वेळांना २५ भागिले २४ या प्रमाणात ताणा, किंवा उलट फरक असेल तर आक्रसा. मध्येच एकदम उडी असेल तर तुमच्या प्रतीतून दृश्य गळलं आहे. मग भाग पाडून जुळवण्याशिवाय इलाज नाही.

परिचयात काय बोलायचं

सात मिनिटं. घड्याळ लावा. दारू, मनोरुग्णालय, अकाली मृत्यू यांनी सुरुवात केली की प्रेक्षक पुढचे दोन तास आजाराची लक्षणं शोधत बसतो. सत्यजित राय यांच्याशी तुलनाही नको. ती करणारा बहुधा दोघांचेही दोन-दोनच चित्रपट पाहिलेला असतो.

पहिल्या दिवशी इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यसंघटनेबद्दल सांगा. घटक नाटकातून आले, डाव्या चळवळीच्या सांस्कृतिक आघाडीत घडले, आणि त्याच चळवळीच्या कम्युनिस्ट पक्षाने १९५५ मध्ये त्यांना बाहेर काढलं. ‘कोमल गांधार’ या नाट्यचळवळीतल्या फुटीवर आहे, त्याच्या आधी हे पुन्हा एकदा सांगावं लागतं. नाहीतर दोन नाटक मंडळ्या एवढ्या भांडतात कशाला, असा प्रश्न घेऊन लोक घरी जातात.

दुसऱ्या दिवशी फाळणी. मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर फाळणी म्हणजे पंजाब, आगगाड्या, काही महिन्यांचा रक्तपात. बंगालमध्ये माणसं वर्षानुवर्षं येत राहिली. त्याआधी १९४३ चा दुष्काळ होऊन गेला होता. कोलकात्याच्या कडेला निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि ‘मेघे ढाका तारा’ अशाच एका वसाहतीत घडतो. तलवारी दिसत नाहीत, हिंसा घरातल्या हिशेबाच्या वहीत आहे. एवढं सांगून थांबा.

‘सुवर्णरेखा’च्या आधी मेलोड्रामाबद्दल दोन वाक्यं आवश्यक आहेत. त्यात एक योगायोग असा येतो की तयारी नसलेला प्रेक्षक हसतो, आणि ते हसू अख्ख्या सभागृहात पसरलं तर चित्रपट तिथेच संपतो. योगायोग कोणता ते फोडू नका. एवढंच सांगा की घटकांनी योगायोग चुकून वापरलेला नाही. पुराणकथेत जशी माणसं नेमकी नको तिथे भेटतात तशीच इथे भेटतात, आणि पात्रांची नावं सीता, ईश्वर अशी आहेत ती उगाच नाहीत. बारमधल्या दृश्यात फेलिनीच्या चित्रपटातून जगभर गाजलेली धून वाजते, तिच्याकडे कान द्यायला सांगितलं तरी चालेल.

मध्यंतर घेऊ नका. अपवाद ‘तिताश’चा, तो अडीच तासांच्या पुढे जातो. तिथे किशोर आणि त्याची हरवलेली बायको यांचा नदीकाठी अंत होतो त्यानंतर दहा मिनिटं थांबता येतं, कारण पुढे गोष्ट नदीची आणि मच्छीमारांच्या गावाची होत जाते.

नंतरची चर्चा

‘कसा वाटला?’ असं विचारलं की तीन ठरलेली माणसं बोलतात आणि बाकीचे चपला शोधतात. त्याऐवजी पडदा बंद ठेवून एका दृश्याचा फक्त आवाज तीन मिनिटं ऐकवा. ‘मेघे ढाका तारा’साठी जिन्याचं दृश्य, ‘अजांत्रिक’साठी गाडी दुरुस्त करण्याचं, ‘कोमल गांधार’साठी रुळांचं. काय काय ऐकू आलं याची यादी लोकांनाच करू द्या. मग तेच दृश्य चित्रासकट लावा. आवाज न करता पडद्यावर दिसलेलं काय आणि न दिसता ऐकू आलेलं काय, एवढ्यावर अर्धा तास सहज जातो, आणि ज्यांना सिनेमाची परिभाषा येत नाही तेही बोलतात. गाणं शिकलेला कुणी सभासद असेल तर त्याला पुढे बसवा.

‘जुक्ति’च्या दिवशी चर्चा वेगळी करा. शेवटाकडे नीलकंठ बागची कॅमेऱ्याच्या लेन्सवरच दारू ओततो आणि चित्र विरघळतं. ती चौकट थांबवा आणि लोकांना बोलू द्या. व्यसनाचा विषय आता निघाला तरी हरकत नाही, सात चित्रपट पाहून झालेले असतात. त्या चित्रपटाला सर्वोत्तम कथेचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं होतं, हे कुणाला बहुधा ठाऊक नसतं. ते सांगा.

मोसम संपला की प्रत परत करण्याआधी एक पान लिहून ठेवा: कोणती फाइल, किती मिनिटांची, चौकटींचा वेग किती, पट्ट्या फाइलमध्ये होत्या की नाही, उपशीर्षकं किती सेकंद सरकवली, आवाजाची पातळी कुठे ठेवली. मराठी उपशीर्षकांच्या फाइलच्या नावातच चित्रपट, लांबी आणि वेग घाला. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावातलं मंडळ तीच फाइल मागेल, आणि नुसत्या ‘फायनल २’ नावाच्या फाइलचा कुणालाच उपयोग नसतो.